उपासनावर्ष आणि वऱ्हाडचे शेतवर्ष : शास्त्रवाचनासाठी काही मार्गदर्शन

ख्रिस्ती मंडळीचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि चैत्रातही होत नाही. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत जो रविवार येतो त्या रविवारी ते सुरू होते. या वर्षाला उपासनावर्ष असे म्हणतात. आगमनकाल, नाताळ, प्रभुप्रकटन, उपवासकाळ, पवित्र सप्ताह, पुनरुत्थानकाल, पेन्टेकॉस्ट आणि त्यानंतरचा दीर्घ सामान्य काळ असा त्याचा क्रम असून, प्रत्येक काळासाठी पवित्र शास्त्रातील कोणता उतारा कोणत्या रविवारी वाचावा हेही ठरलेले असते. या ठरलेल्या उताऱ्यांच्या मालिकेला येथे वाचनक्रम म्हटले आहे. कोण्या एका उपदेशकाच्या आवडीनिवडीवर शास्त्रवाचन अवलंबून राहू नये, गोड वचनांबरोबर कठीण वचनेही मंडळीच्या कानी पडावीत, आणि ख्रिस्ताचा जन्म, दुःखसहन व पुनरुत्थान यांचे स्मरण दरवर्षी पूर्ण व्हावे, हा या व्यवस्थेचा हेतू आहे.

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत हा वाचनक्रम सर्वांना सारखाच परिचित आहे असे मात्र नाही. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला आणि तेथील उपासनेत वाचनक्रम अनिवार्य आहे. अकोला हे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनच्या वऱ्हाडातील कामाचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे केंद्र. त्या परंपरेतील आणि यवतमाळकडील फ्री मेथॉडिस्ट परंपरेतील मंडळ्यांत वचन निवडण्याचे स्वातंत्र्य पाळकाकडे असते, आणि नाताळ, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे व ईस्टर एवढे दिवस सोडले तर उपासनावर्षाची चौकट फारशी पाळली जात नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकीकृत मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अस्तित्वात आली. तो दिवस आगमनकालाचा पहिला रविवार होता, म्हणजेच उपासनावर्षाचा पहिला दिवस. प्रस्तुत मार्गदर्शन या सर्व परंपरांतील वाचकांसाठी आहे. ज्यांच्या मंडळीत वाचनक्रम नाही त्यांनाही घरच्या प्रार्थनेत तो पाळता येतो आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

या लेखाचे मुख्य म्हणणे असे की, वाचनक्रमातील उतारा त्या दिवशी संपूर्ण वाचावा, मनाजोगे वचन तेवढे उचलू नये, आणि तो वाचताना आपल्या डोळ्यांसमोरचे शेत दृष्टीआड करू नये. उपासनावर्षाची जडणघडण भूमध्य समुद्राभोवतीच्या आणि युरोपातील देशांत झाली. त्यामुळे नाताळ म्हणजे बर्फ आणि ईस्टर म्हणजे वसंतातील कोवळी पालवी अशी चित्रे भेटकार्डांतून आणि भाषांतरित पुस्तकांतून वऱ्हाडातही आली, आणि ती येथील ऋतूंशी जुळत नसतानाही रूढ झाली. पॅलेस्टाईनचे हवामान तर युरोपाहूनही निराळे आहे. तेथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस सुरू होतो, हिवाळाभर पडतो आणि मार्च-एप्रिलात संपतो. सातूची कापणी वल्हांडणाच्या सुमारास आणि गव्हाची पेन्टेकॉस्टच्या सुमारास होते. वऱ्हाडच्या रब्बीशी या क्रमाचे बरेचसे जुळते, खरिपाशी तो अगदी उलटा पडतो. म्हणून कोणताही शेतीविषयक उतारा वाचताना आधी पॅलेस्टाईनच्या जमिनीवर तो काय सांगत होता हे समजून घ्यावे आणि मगच वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर तो काय सांगतो याचा विचार करावा. हा क्रम उलटला की शास्त्र आपल्याला हवे तसे बोलू लागते.

वर्ष ओळखण्याची रीत

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक मंडळीने तयार केलेला तीन वर्षांचा वाचनक्रम १९६९ च्या आगमनकालापासून लागू झाला. त्याच्या आधारे प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी तयार झालेला सुधारित सामाईक वाचनक्रम १९९२ साली प्रसिद्ध झाला, आणि दोहोंतील रविवारचे शुभवर्तमान बहुतेक ठिकाणी एकच असते. 'अ' वर्षी मत्तय, 'ब' वर्षी मार्क आणि 'क' वर्षी लूक यांचे शुभवर्तमान मुख्यत्वे वाचले जाते; योहानाचे शुभवर्तमान तिन्ही वर्षांत, विशेषतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानकालात, विखुरलेले असते. इसवी सनाच्या आकड्याला ३ ने भागून बाकी उरली नाही तर ते 'क' वर्ष, १ उरली तर 'अ' आणि २ उरली तर 'ब'. त्यानुसार २०२६ हे 'अ' वर्ष ठरते, मात्र त्याचा आरंभ ३० नोव्हेंबर २०२५ रोजीच झालेला असतो.

ईस्टरची तारीख ठरवण्याचा नियमही वाचकाने समजून घ्यावा, कारण उपवासकाळ आणि पेन्टेकॉस्ट तिच्यावरूनच मोजले जातात. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर. मंडळी ही पौर्णिमा ठराविक कोष्टकावरून काढते, त्यामुळे आकाशातील पौर्णिमेशी क्वचित फरक पडतो. परंतु सामान्यतः घरातल्या पंचांगातील फाल्गुन किंवा चैत्र पौर्णिमा पाहिली की अंदाज येतो. २०२६ मध्ये चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला, गुड फ्रायडे ३ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला येतो. गेथशेमाने बागेतील ती रात्र काळोखी नसून जवळजवळ पूर्ण चंद्राची होती, ही गोष्ट तिथी पाहणाऱ्या वाचकाच्या लवकर ध्यानात येते आणि मग मशाली व दिवे घेऊन आलेल्या जमावाचे योहानाने केलेले वर्णन अधिक बोचते.

आगमनकाल ते प्रभुप्रकटन

आगमनकाल हा ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहण्याचा काळ असून त्याचा पहिला रविवार नेहमीच ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयीच्या उताऱ्याने सुरू होतो. 'अ' वर्षी मत्तय २४ मधील, घरधन्याला चोराची वेळ कळली असती तर तो जागा राहिला असता, हे वचन येते. 'ब' वर्षी मार्क १३ मधील, द्वारपाळाला जागे राहण्याची आज्ञा देऊन परगावी गेलेला धनी भेटतो. वऱ्हाडात हे दिवस जागलीचे असतात. रानडुकरे आणि रोही हरभऱ्यात व तुरीत शिरू नयेत म्हणून माणसे रात्र शेतात काढतात, आणि विजेची पाळी रात्रीची असेल तर गव्हाला पाणीही रात्रीच द्यावे लागते. नुसते डोळे उघडे ठेवणे म्हणजे जागल नव्हे, कोणत्या बाजूच्या धुऱ्यावरून जनावर येते याची माहिती असणे आणि वेळेवर उठणे म्हणजे जागल, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मार्क १३ चा अर्थ टीकाग्रंथावाचूनही बराचसा लागतो.

याच महिन्यांत कापसाची वेचणीही चालू असते. बोंडे एकदम फुटत नाहीत, म्हणून पहिला वेचा, दुसरा वेचा असे ती टप्प्याटप्प्याने करावी लागते आणि तिचा भार मुख्यतः स्त्रियांवर पडतो. आगमनकालासाठी रोजच्या मननाची छापील पुस्तिका घरी आणून चौथ्या दिवशी ती अर्धवट सोडण्यापेक्षा, अशा घरांनी आठवड्याला एकच उतारा धरावा आणि तोच तीन-चार रात्री पुन्हा पुन्हा वाचावा. 'अ' वर्षाच्या तिसऱ्या रविवारी याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील, शेतकऱ्याप्रमाणे धीर धरा, हा उपदेश येतो. त्याच अध्यायाच्या आरंभी कापणी करणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे याकोब म्हणतो. वाचनक्रम सातव्या वचनापासून सुरू होतो. घरी वाचताना पहिल्या वचनापासूनच वाचावे, कारण धीराचा उपदेश मजुरीच्या तक्रारीनंतर आलेला आहे, आणि ती तक्रार गाळली तर धीर म्हणजे निमूट सोसणे असा चुकीचा अर्थ निघतो.

नाताळाविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. लूकचा दुसरा अध्याय घरोघरी वाचला जातो. एवढेच सुचवावेसे वाटते की २८ डिसेंबरला, म्हणजे निरपराध बालकांच्या स्मरणदिनी, मत्तय २ मधील हेरोदाने केलेल्या बालहत्येचा उताराही वाचावा, अन्यथा नाताळ केवळ दिव्यांचा आणि फराळाचा सण होऊन बसतो. ६ जानेवारीचे प्रभुप्रकटन, म्हणजे पूर्वेकडील मागी लोकांना झालेले ख्रिस्ताचे दर्शन, हा त्याच कथेचा दुसरा भाग होय.

उपवासकाळ

उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. २०२६ मध्ये हा बुधवार १८ फेब्रुवारीला आहे. तेथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवस भरतात. राखेच्या बुधवारचा पहिला पाठ दोन्ही वाचनक्रमांत योएलाच्या दुसऱ्या अध्यायातून येतो. वस्त्रे नव्हे तर अंतःकरणे फाडा, असे त्याचे आवाहन आहे. योएलाचे पुस्तक तीनच अध्यायांचे असून एका बैठकीत वाचून होते, म्हणून त्या आठवड्यात ते संपूर्ण वाचावे. पहिल्या अध्यायात टोळधाड आहे, सुकलेला द्राक्षवेल आहे, बीज ढेकळांखाली कुजले आहे, कोठारे ओस पडली आहेत आणि शेतकरी लज्जित झाला आहे.

येथे उपदेशकांनी आणि घरातील प्रार्थना चालवणाऱ्यांनी फार जपून बोलले पाहिजे. पश्चिम विदर्भात नापिकी आणि कर्ज यांमुळे किती घरांतला कर्ता माणूस गेला हे तेथील प्रत्येक मंडळीला ठाऊक आहे, आणि त्या घरांतील कोणी ना कोणी उपासनेला समोर बसलेले असते. दुष्काळ म्हणजे देवाची शिक्षा असे वाक्य योएलावरून घाईने उच्चारले तर ते नेमके त्याच माणसाला लागते. योएल एकट्या कर्जदाराला बोलावत नाही. याजक, वडीलधारे, नवरा-नवरी आणि अंगावर पिणारी मुले अशा सर्वांना तो एकत्र बोलावतो. पश्चात्ताप संपूर्ण समाजाने करायचा आहे, आणि त्या समाजात भाव पाडणारे, व्याज लावणारे आणि पाहूनही गप्प बसणारे सर्वजण येतात. शंका उरल्यास लूक १३:१-५ वाचावे, जे 'क' वर्षी उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी येते. बुरूज कोसळून मेलेली अठरा माणसे इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे येशूने तेथे स्वच्छ सांगितले आहे.

उपवास कशासाठी, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. वरूड-मोर्शीकडील संत्रा बागायतदारांच्या कामातून त्याचे उत्तर समजू शकते. मृग बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, काही गळतात, नवी वाढ थांबते, आणि मग पावसाने किंवा पाणी देऊन ताण मोडला की झाड फुलावर येते. ताण झाडाचा छळ करण्यासाठी दिलेला नसतो, बहारासाठी दिलेला असतो; आणि तो सर्व झाडांना सारखा देत नाहीत. हलक्या जमिनीतील झाडाला थोडा ताण पुरतो, भारी जमिनीला अधिक दिवस लागतात, आणि मर्यादा ओलांडली तर झाडच खचते. उपवासाचेही तसेच आहे. कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षे वयाच्या व्यक्तींनी उपवास करायचा असतो आणि आजारी माणसांना त्यातून मोकळीक असते. उन्हात हरभरा काढणाऱ्या बाईने, मधुमेह असलेल्या माणसाने किंवा गरोदर स्त्रीने उपाशी राहून प्रकृती बिघडवणे हे कोणत्याही परंपरेला अभिप्रेत नाही.

उपवासाच्या बाजूला यशयाचा ५८ वा अध्याय ठेवलाच पाहिजे. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी आणि शनिवारी कॅथलिक वाचनक्रमात तो दोन भागांत येतो. तुम्ही उपवासाच्या दिवशीही आपल्या मजुरांना राबवता, असा संदेष्ट्याचा आरोप आहे, आणि जोखडाचे बंध सोडणे, भुकेल्याला अन्न देणे हा खरा उपवास असे त्याचे म्हणणे आहे. ज्यांच्याकडे मजूर लावले जातात त्या घरांनी या आठवड्यात राहिलेली मजुरी चुकती करावी. मननाचा याहून प्रत्यक्ष परिणाम दुसरा सांगता येणार नाही.

'अ' वर्षी उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे २०२६ मध्ये ८ मार्चला, योहान ४ मधील शोमरोनी स्त्रीची भेट वाचली जाते आणि तिच्या जोडीला निर्गम १७ मधील खडकातून निघालेल्या पाण्याची कथा येते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला, हा उतारा अधिक सावकाश वाचावा. या पट्ट्यात विहीर खोदली तरी बहुधा खारे पाणी लागते, ते पिण्याला चालत नाही आणि पिकालाही मानवत नाही. गोड पाणी बाहेरून आणावे लागते आणि घरात ते भरण्याचे काम मुख्यतः बाईच्याच वाट्याला येते. योहानाने तीन बारीक गोष्टी नोंदवल्या आहेत: वेळ दुपारची आहे, विहीर खोल आहे आणि येशूजवळ पाणी काढायला पोहरा नाही. मागणारा तो आहे आणि देणारी ती. जिवंत पाण्याचा आध्यात्मिक अर्थ सांगण्यापूर्वी या तीन गोष्टींवर थांबावे, कारण ती स्त्री पुढे ज्या पाण्याची मागणी करते त्यात पुन्हा पुन्हा येथे यावे लागू नये ही तिच्या पायपिटीची तक्रारही आहे. वाचनक्रमात नसला तरी निर्गम १५:२२-२७ हा मारा येथील कडू पाण्याचा उताराही त्या आठवड्यात जोडून घ्यावा. पुढच्या दोन रविवारी जन्मांध माणसाचा योहान ९ आणि लाजाराचा योहान ११ हे दीर्घ अध्याय येतात. ते वेगवेगळ्या आवाजांत, संवाद वाटून घेऊन वाचले तर मुलेही शेवटपर्यंत ऐकतात.

पवित्र सप्ताह आणि पुनरुत्थान

गुड फ्रायडेच्या दुपारी क्रुसावरील सात उद्गारांवर सात संदेश देण्याची प्रथा मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत रुजलेली आहे आणि वऱ्हाडच्या उन्हातही लोक भर दुपारी तीन तास बसतात. या प्रथेविषयी आदर बाळगून एक सूचना करावीशी वाटते. हे सात उद्गार एकाच शुभवर्तमानात नाहीत: तीन लूकमध्ये, तीन योहानात आणि एक मत्तय व मार्क या दोघांत आहे. ते एका माळेत ओवले की प्रत्येक शुभवर्तमानकाराचे निराळे चित्र पुसट होते. मार्कच्या क्रुसावर येशू एकच वाक्य बोलतो आणि ते स्तोत्र २२ चे पहिले वाक्य आहे. लूकच्या क्रुसावर तो शेवटपर्यंत क्षमा करतो आणि दुसऱ्याला धीर देतो. म्हणून त्या सप्ताहात घरी दुःखसहनाचा वृत्तांत एकाच शुभवर्तमानातून सलग वाचावा, 'अ' वर्षी मत्तय २६ व २७, आणि शुक्रवारी सर्व वर्षी योहान १८ व १९. स्तोत्र २२ देखील पहिल्या ओळीवर न थांबता अखेरपर्यंत वाचावे, कारण ते आक्रोशातून स्तुतीकडे जाते, आणि तो आक्रोश खोटा ठरवत नाही.

पुनरुत्थानकाल पन्नास दिवसांचा आहे. ईस्टरच्या दिवशी त्याचा आरंभ होतो. वऱ्हाडात हे दिवस वैशाखवणव्याचे असतात. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, शेते नांगरून तापत पडलेली असतात आणि कोठेही हिरवे दिसत नाही. पुनरुत्थानाचे पुरावे फुलापानांत शोधण्याची युरोपीय सवय येथे उपयोगी पडत नाही, आणि हे चांगलेच आहे, कारण प्रेषितांची साक्षही ऋतुचक्रावर उभी नव्हती. या काळात जुन्या कराराऐवजी प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक क्रमाने वाचले जाते. त्यातील माणसे भितात, तुरुंगात जातात, आपसांत वाद घालतात आणि मालमत्ता वाटून घेतात. या पुस्तकाचा एक अध्याय दररोज वाचला तर २८ दिवसांत ते पूर्ण होते.

पेन्टेकॉस्ट ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी, १० मे ते १३ जून या दरम्यान येतो. यहुदी लोकांत हा गव्हाच्या कापणीचा सण होता. वऱ्हाडात तो मृगाच्या तोंडावर, बियाणे-खताची जुळवाजुळव आणि पीककर्जाच्या खेपा चालू असताना येतो. त्या दिवशी प्रेषितांची कृत्ये २ मध्ये पेत्र पुन्हा योएलाचेच पुस्तक उघडतो. राखेच्या बुधवारी ज्या संदेष्ट्याने सुकलेले शेत दाखवले त्याच संदेष्ट्याच्या शब्दांत आत्म्याचा वर्षाव सांगितला जातो, आणि तो मुलगे व मुली, दास व दासी सर्वांवर होतो. या आठवड्यात रूथचे पुस्तकही वाचावे, जे यहुदी परंपरेत याच सणाला वाचले जाते. लेवीय २३ मध्ये सप्ताहांच्या सणाचे विधी सांगून झाल्यावर लगेच, शेताच्या कडा कापू नका आणि सरवा गोरगरिबांसाठी राहू द्या, अशी आज्ञा येते. रूथ त्याच आज्ञेच्या आधाराने बवाजाच्या शेतात शिरते. ज्या मंडळ्यांत कापणीचा सण होतो आणि अर्पण आलेल्या धान्याचा लिलाव केला जातो, त्यांनी अनुवाद २६:१-११ बरोबर ही आज्ञाही वाचावी आणि लिलावाच्या रकमेतील काही वाटा सरवा वेचणाऱ्या घरांपर्यंत पोहोचवावा.

सामान्य काळ

सामान्य काळ हे नाव फसवे आहे. उपासनावर्षाचे ३३ किंवा ३४ आठवडे या काळात जातात, आणि वऱ्हाडपुरते बोलायचे तर शास्त्रवाचनाच्या दृष्टीने हाच सर्वांत समृद्ध काळ आहे, कारण येशूचे शेतीविषयक दाखले पावसाळ्यातल्या रविवारी येतात. 'ब' वर्षी मार्क ४ मधील आपोआप उगवणाऱ्या बीजाचा दाखला जूनच्या मध्यावर येतो. २०२७ मध्ये तो १३ जूनला, म्हणजे मृग लागल्यानंतर लगेचच, आहे. 'अ' वर्षी मत्तय १३ मधील पेरणाऱ्याचा दाखला जुलैच्या मध्यावर येतो. २०२६ मध्ये १२ जुलैला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वऱ्हाडातील शेतकरी पेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि पावसाने खंड दिला असेल तर त्याच्यापुढे दुबार पेरणीचे संकट उभे असते. पांदणीवर पडलेले बी पाखरांनी खाल्ले, बरड जमिनीतले उगवून करपले, धुऱ्याच्या काट्यांतले दबले, हे ऐकताना त्याला हिशेब दिसतो. सामान्यतः उपदेशक या दाखल्याची चार जमिनींत वाटणी करून ऐकणाऱ्यांना आपण कोणती जमीन आहोत असे विचारतात. हा अर्थ वचन १८ ते २३ मध्ये खुद्द येशूनेच दिला आहे, तो योग्यच आहे. परंतु घरी प्रथम वचन १ ते ९ एवढेच वाचून थांबावे आणि पेरणाऱ्याकडे पाहावे. तीन ठिकाणी बी वाया जाऊनही त्याची मूठ आखडत नाही, आणि गेलेल्या बियाण्याबद्दल दाखल्यात त्याला कोणी दोष दिलेला नाही. बियाणे उधारीवर आणून दोनदा पेरलेल्या माणसाला याच बाजूने दाखल्यात प्रवेश मिळतो.

त्या दिवशी यशया ५५:१०-११ हा जोडपाठ असतो: पाऊस भूमीला भिजवल्याशिवाय परत जात नाही, तसे देवाचे वचन व्यर्थ परतत नाही. पाऊसच न आलेल्या वर्षी हे वचन ऐकणे जड जाते, आणि ते जड जाते हे मान्य करण्यात अविश्वास नाही. अशा वर्षी स्तोत्र ६५ बरोबर यिर्मया १४:१-९ वाचावे, जेथे भूमीला भेगा पडल्या आहेत, शेतकऱ्यांनी डोकी झाकून घेतली आहेत आणि संदेष्टा देवाला वाटसरूसारखा परका का झालास असे विचारतो. तक्रार हीही शास्त्रातील प्रार्थना आहे, आणि स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे तशीच आहेत.

पुढच्या रविवारी गहू आणि निदणाचा दाखला येतो, तेव्हा शेतांत डवरणी आणि निंदण चालू असते. तण उपटू नका असे सांगणारा धनी निंदायला जाणाऱ्या बायांना अजाण वाटेल. म्हणून तेथे स्पष्ट करावे की ते तण ओंबी धरेपर्यंत हुबेहूब गव्हासारखे दिसते, आणि शेत म्हणजे जग असे अडतिसाव्या वचनातच सांगितले आहे. माणसांचा निवाडा घाईने करू नये, एवढाच त्याचा रोख आहे. २० सप्टेंबर २०२६ रोजी मत्तय २० मधील द्राक्षमळ्यातील मजूर भेटतात, आणि तेव्हा सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस जवळ आलेले असतात. गुत्त्याने काम घेणाऱ्या टोळीत धडधाकट माणसे आधी घेतली जातात आणि म्हातारी, अधू माणसे चौकातच राहतात. अकराव्या तासापर्यंत उभे राहिलेल्यांचे उत्तर, आम्हांला कोणी कामावर लावले नाही, हे त्यांचेच उत्तर आहे. दिनार ही एका दिवसाच्या मजुरीची रक्कम होती, म्हणजे घर एक दिवस चालेल एवढी, आणि धन्याने शेवटच्यालाही तेवढीच दिली. न्याय आणि दया यांवरील चर्चा येथूनच सुरू करावी.

उतारा कोठे कापला आहे याकडे लक्ष देण्याची सवय या काळात विशेष उपयोगी पडते. 'ब' वर्षाच्या बत्तिसाव्या रविवारी, २०२७ मध्ये ७ नोव्हेंबरला, मार्क १२ मधील विधवेच्या दोन टोल्यांचा प्रसंग वाचला जातो आणि बहुतेक ठिकाणी त्यावरून दानाचा संदेश होतो. कॅथलिक वाचनक्रमात याचे संक्षिप्त रूप ४१ व्या वचनापासून आहे, पूर्ण रूप ३८ व्या वचनापासून. नेहमी पूर्ण रूपच वाचावे, कारण ४० व्या वचनात विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध आहे, आणि लगेच तेराव्या अध्यायाच्या आरंभी येशू मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे सांगतो. मधोमध उभी असलेली ती विधवा उदार आहेच. पण तिच्याजवळ दोनच टोल्या का उरल्या हेही मार्क दाखवतो. ज्या जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या माघारी त्याची पत्नी कर्ज, शेत आणि मुले सांभाळते, तेथे हा प्रसंग केवळ दानपेटीपुरता वापरू नये.

रोजच्या वाचनाची पद्धत साधी ठेवावी. बाराव्या शतकातील कार्थुसियन संन्यासी दुसरा ग्विगो याने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या. मनन म्हणजे वचन मनात घोळवणे आणि चिंतन म्हणजे शब्द थांबल्यावर देवासमोर नुसते राहणे. घरात एकाने उतारा मोठ्याने वाचावा, थोडा वेळ थांबून दुसऱ्याने तोच पुन्हा वाचावा, आणि मग ज्याला जो शब्द लागला तो त्याने सांगावा. त्यावर कोणी प्रवचन करू नये. एखादी जागा अडली तर बायबल सोसायटीच्या आवृत्तीबरोबर पंडिता रमाबाईंचे १९२४ साली प्रसिद्ध झालेले भाषांतर किंवा फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल पाहावे. एक वही ठेवून तीत तारीख, उतारा आणि त्या दिवशी शेताची स्थिती काय होती एवढे लिहावे. तीन वर्षांनी तोच उतारा पुन्हा येतो तेव्हा जुनी नोंद काढून वाचता येते.

२०२६ मध्ये 'अ' वर्षाचा अखेरचा रविवार २२ नोव्हेंबरला असून त्या दिवशी मत्तय २५ मधील, भुकेल्याला अन्न व तान्हेल्याला पाणी दिले की नाही यावरून होणाऱ्या न्यायाचा उतारा वाचला जाईल, आणि २९ नोव्हेंबरला मार्कचे वर्ष सुरू होईल. मधल्या आठवड्यात मार्कचे शुभवर्तमान आळीपाळीने मोठ्याने वाचून काढावे. सोळा अध्यायांना दीड ते दोन तास पुरतात, आणि वेचणीचे दिवस असल्याने एका बैठकीत जमले नाही तर आठव्या अध्यायातील पेत्राच्या कबुलीपाशी थांबून उरलेला भाग दुसऱ्या रात्री वाचावा. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे शुभवर्तमान १६:८ येथे, कबरेपासून पळालेल्या स्त्रियांच्या भयापाशी संपते. वाचणाऱ्यांनीही प्रथम तेथेच थांबावे आणि पुढील वचने दुसऱ्या दिवशी वाचावीत.